पाचवीचा कागद

कडूबाईचा फोन आला तेव्हा सटवा एका बाईचं पोट काळं करत होता. बीडच्या पेठेतल्या भाड्याच्या खोलीत सकाळचे दहा वाजले होते, वरचा पत्रा तापायला लागला होता, आणि पेन्सिल कागदावर इतक्या जोरानं फिरत होती की खालची फळी कुरकुरत होती. मोबाइलवर बहिणीचं नाव दिसलं की आधी त्याचा हात थांबतो, आणि मग तो फोन उचलतो. "दादा, आज पाचवी हाय पोरीची," कडूबाई म्हणाली. तिच्या लेकीला, उज्ज्वलाला, पाच दिवसांपूर्वी गेवराईच्या दवाखान्यात मुलगी झाली होती आणि बाळ-बाळंतीण तलवाड्याला घरी आली होती, एवढं त्याला ठाऊक होतं. "दिवस बुडायच्या आत ये. आन् येताना एक कागद आन." "कसला कागद?" "कोरा. सटवाईपुढं ठिवायला. तुज्याकडं जाड असतेत न्हवं, पुन्याच्या बाईनं दिल्याले. त्यातला आन. जाड कागदावर लिव्हलं म्हंजे टिकंल तरी." सटवा म्हणाला, आणतो. दुसरं काय म्हणणार होता. फोन ठेवल्यावर त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि दाराला आतून कडी लावली. भरदिवसा कडी कुणासाठी लावली ते त्यालाही सांगता आलं नसतं. खोलीत चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि जिची भीती होती ती कडीला विचारून आत येणारी नव्हती.

पाचव्या दिवशी पाटा पुजायचा, त्याच्यापुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, घरानं झोपून जायचं. सटवाई येते आणि बाळाचं पुढचं सगळं लिहून जाते. सकाळी कागद कोराच दिसतो, कारण तिचं अक्षर माणसाला दिसत नाही. सरकारी कामकाजापेक्षा ही पद्धत बरी, निदान कुणाला हेलपाटे घालावे लागत नाहीत. सटवाचं स्वतःचं नावच तिच्यावरून ठेवलेलं. तरी या बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या खोलीत एकही कोरा कागद नसे. नवा ताव आणला की तो आधी कोपऱ्यात पेन्सिलीनं एक काडी, म्हणजे बारीक उभी रेघ, ओढून ठेवायचा, मग सावकाश चित्राचं बघायचा. कागद कोरा राहिला तर रात्रीतून त्यावर कुणी काही लिहील असं त्याला वाटे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याच्या स्वप्ना मॅडमना कोपऱ्यातली ती काडी फार आवडली होती. त्यांनी तिला सही म्हटलं होतं.

स्वप्ना मॅडम म्हणजे गॅलरीवाल्या. सटवा पूर्वी गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, आणि रिकाम्या हाताला काहीतरी हवं म्हणून तो जुन्या पत्र्यांवर पेन्सिलीनं, खिळ्यानं बायका काढायला लागला. एका लग्नाला आलेल्या मॅडमनी रस्त्याकडेला ते पत्रे पाहिले आणि गाडी थांबवली. तेव्हापासून सटवा स्वयंशिक्षित समकालीन चित्रकार झाला. त्याआधी तो काय होता हे मॅडमनी विचारलं नाही आणि त्यालाही एका शब्दात सांगता आलं नसतं. शिकवलं कुणी, असं लोक विचारत. खरं उत्तर घायपात असं होतं. तलवाड्याच्या रानात बापाची मेंढरं वळताना तो घायपाताच्या जाड पात्यावर बाभळीच्या काट्यानं कोरायचा. कोरताना काहीच दिसत नाही, नुसतं ओलं ओलं दिसतं. दुसऱ्या दिवशी रेघ तपकिरी होऊन वर येते, तेव्हा कळतं आपण काय केलंय. तिथं हात दाबून चालवायची सवय लागली ती गेलीच नाही. त्याच्या पेन्सिलींची टोकं दिवसाला दहा-दहा मोडत, कागदाला मागून फोड आल्यासारखं होई. पुण्यातल्या प्रदर्शनात एका जाड चष्म्याच्या गृहस्थानं विचारलं होतं, तुमच्या बायकांच्या पोटाच्या जागी नेहमी काळी पोकळी का असते. सटवा म्हणाला, "तिथं जमत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माहितीपत्रकात छापून आलं की अनुपस्थितीला शरीर देणारा हा कलावंत आहे. सटवानं ते वाक्य चार वेळा वाचलं आणि पत्रक घडी करून उशीखाली ठेवलं. त्या रात्री त्याला झोप आली नाही, कारण त्याला वाटलं, यांना कळलंय.

कळण्यासारखं होतं ते एवढंच. कडूबाई जन्मली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तिच्याआधी दोन पोरी दगावल्या होत्या, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, की दैवाला गोड लागू नये. पाचवीला बापानं शाळेतल्या गुरुजींकडून एक ताव आणि एक पेन्सिल मागून आणली. त्या घरात कागद आणि पेन्सिल एकाच वेळी असण्याचा तो पहिला प्रसंग. उजाडता उजाडता सटवाला जाग आली. आई छबुबाई पाठ करून निजलेली, दिवा विझलेला, दारातून थोडा उजेड, आणि पाट्यापुढं तो पांढराशुभ्र ताव. त्याला आठवतं की त्याचे गुडघे शेणानं सारवलेल्या जमिनीवर गार पडले होते आणि पेन्सिलीला लाकडाचा गोड वास होता. त्यानं बाई काढली. डोकं, वेणी, दोन हात, खाली लुगड्याचा घोळ. पोट राहिलं होतं तेवढ्यात टोक मोडलं. बाळ रडलं. त्यानं कागदाची घडी करून होता तिथं ठेवला. आईनं तो तसाच पत्र्याच्या पेटीत टाकला, कारण सटवाईचं लिहिलेलं उघडून बघायचं नसतं. देवीच्या आधी लिहिलं की नंतर लिहिलं, हा प्रश्न त्याला पुढं दहा वर्षांनी पडला. आधी लिहिलं असेल तर त्याचं चित्र तिच्या लिखाणावर बसलं. नंतर असेल तर देवीनं काय केलं असेल? चित्र बघून तसंच मान्य केलं असेल, वाटलं असेल कुणीतरी काम केलंय, आपण कशाला परत. त्याला देवी कधीकधी तलाठ्यासारखी दिसे, दुपारच्या झोपेतून उठलेली, समोर आलं त्यावर सही करणारी.

कडूबाई वाढली, चौदाव्या वर्षी लग्न झालं, नवरा आश्रुबाबरोबर दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जाऊ लागली. तिथवर काही बिघडलं नाही. तलवाड्याच्या वस्तीवरच्या मुलीच्या कागदावर कुणी राजवाडा काढला असता तरी ती ऊस तोडायलाच गेली असती. पण एकविसाव्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं आणि डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढून टाकली. सटवा दवाखान्यात गेला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, वर हिरवी चादर, आणि मधे, जिथं माणसाला उंचवटा असतो, तिथं चादर खाली बसली होती. तो दारातच उभा राहिला. त्याला टोक मोडल्याचा आवाज आला. तिच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या अकरा बायकांपैकी सात जणींची पिशवी काढलेली होती, हे त्याला नंतर कळलं. त्या सातांतल्या बाकीच्या सहा जणींच्या पाचवीच्या कागदाला आपण हात लावला नव्हता, हेही त्याला पक्कं माहीत होतं. एवढ्यानं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. तेव्हापासून तो बहिणीशी बोलताना तिच्या तोंडाकडं बघायचा, नाहीतर शेळ्यांकडं. मधलं काही बघायचा नाही. आणि खोलीवर येऊन तीच बाई पुन्हा पुन्हा काढायचा, या वेळी पोट पुरं करू म्हणून. हात तिथं आला की अडायचा. मग तो तिथं काळं करायचा. चौदा वर्षं झाली.

दुपारी त्यानं पॅड पुढं ओढलं. मॅडमनी दिलेल्या त्या पॅडात दोनच ताव उरले होते. वरच्यावर सकाळची बाई होती, खालचा त्याच्याखाली झाकलेला, म्हणून त्यावर अजून काडी ओढलेली नव्हती. त्यानं खालचा ताव सोडवून घेतला, खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला. दुपारच्या उजेडात तो पिठासारखा पांढरा होता. तरी हात धुऊन आला आणि पुन्हा बघितला. मग जुन्या कॅलेंडरात त्याची गुंडाळी करून दोरा बांधला. उज्ज्वला बारावी झालेली, घराण्यातली उसाला न गेलेली पहिली बाई, आणि हा तिच्या लेकीचा कागद. गेवराईहून पुढं जीपमध्ये तो गुंडाळी छातीशी धरून बसला. शेजारच्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं थोडा वेळ वाट पाहून विचारलं, "नकाशा हाय का ओ?" "न्हाई. कागद हाय." "कशाचा?" "कोरा हाय." "काय बी लिव्हल्यालं न्हाई?" "न्हाई." म्हातारा विचारात पडला. "मंग कावून एवढं जपताव? लिव्हलेल्याला जपावं मानसानं." सटवानं गुंडाळी दुसऱ्या बाजूला घेतली. म्हाताऱ्याच्या खिशाला पेन होतं.

कडूबाईच्या दोन खोल्यांच्या घरापुढं आश्रुबा मेंढरं जाळीच्या वाघुरात कोंडत होता. त्यानं लांबूनच राम राम केला. आतल्या खोलीत बाजेवर उज्ज्वला आणि तिच्या कुशीत बाळ, मुठीएवढ्या तोंडाचं. "मामा, घ्या की तिला," उज्ज्वला म्हणाली. "हात धुतलं न्हाईत," सटवा म्हणाला, आणि हात मागं घेतले. दिवसातून चार वेळा धुतलेले हात. कडूबाईनं पाटा मांडला होता, त्याला हळदीकुंकू, शेजारी विळा, रुईची पानं, पिवळा दोरा. दिवस मावळला तसं तिनं कणकेचा दिवा लावला आणि गुंडाळीचा दोरा सोडून कागद पाट्यापुढं पसरला. "लई छान हाय की. देवी बी खूश हुईल." तिनं कागद सपाट राहावा म्हणून कोपऱ्यावर सुपारी ठेवली, त्याच्याच खिशातली पेन्सिल मागून घेऊन त्यावर आडवी ठेवली, दिवा जरा कडेला सरकवला आणि नैवेद्य आणायला चुलीकडं गेली.

दिवा ठेंगणा होता. त्याचा उजेड जमिनीलगत सरपटत कागदावर आला, आणि कागदावर बाई होती. सटवाला आधी वाटलं दिव्याची थरथर आहे. मग त्याला वेणी दिसली. हात दिसले, डोक्यावरची मोळी, खाली लुगड्याचा घोळ, आणि मधे, जिथं सकाळी दोन तास त्यानं पेन्सिल दाबून दाबून फिरवली होती, तिथं कागद वाटीसारखा खचलेला. वरच्या तावावर जे काढलं ते खालच्यात उतरलं होतं. रंग नाही, रेघ नाही, नुसता खळगा. पाती कोरून वाढलेल्या माणसाला हे सुचायला नको होतं का? त्यानं कागद उजेडात पाहिला होता, पण डोक्यावरच्या, आणि डोक्यावरच्या उजेडात खळगे दिसत नाहीत. त्याच्या तळहाताला घाम सुटला. मांडलेल्या पूजेतला कागद उचलला तर काय सांगायचं. नाही उचलला तर. बाळानं उज्ज्वलाच्या कुशीत आवाज केला, मांजरीच्या पिलासारखा, आणि सटवाला वाटलं तिला पोटात काहीतरी होतंय. त्याचा हात पुढं गेला, मागं आला. दिव्याची ज्योत हलली की कागदावरची बाई श्वास घेत होती. खळगा मोठा होत होता, लहान होत होता. त्याला पळून जावंसं वाटलं. बेचाळीस वर्षांचा माणूस पाचवीच्या घरातून पळाला तर पुढं वर्षभर गावाला विषय पुरला असता, हेही त्याला त्याच वेळी दिसलं. तो उठला आणि चुलीपाशी गेला.

"कडू," तो म्हणाला, "तो कागद उचल." ती पुरणाचे कडबू ताटात काढत होती. "कावून?" "त्याच्यावर बाई हाय." "कोनती बाई?" आणि मग चुलीच्या धगीत, तिच्या पाठीकडं बघत, त्यानं सगळं सांगितलं. सात वर्षांचा असताना केलेलं, मोडलेलं टोक, राहिलेलं पोट, दवाखाना, हिरवी चादर. पाठीला सांगायला सोपं गेलं. बोलून झाल्यावर तो थांबला, जसा माणूस विहिरीत दगड टाकून थांबतो. कडूबाईनं शेवटचा कडबू काढला, हात पुसले. "ते आईला ठावं होतं," ती म्हणाली. "सकाळीच बगितलं होतं तिनं. मला सांगायची. पोरगं येडं हाय, बाईला पोट द्यायचं इसरलं म्हनायची. हसायची लई." सटवा एक पाऊल पुढं आला. "आन् तुजं आपरेशन?" "आपरेशन डाक्टरनं केलं, दादा. गाठ हाय म्हनला, मरशील म्हनला, आमी घाबरलो. त्याच्यात तू कुठं आलास? मुकादमाच्या गाडीत बसून गेलतो आमी. तू तवा बीडात नंबरप्लेटा रंगवीत व्हतास." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तुला लई वाटतंय रे तुज्या हाताचं."

हे ऐकून त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही, आणि त्या हलकेपणातच तो नको ते बोलून गेला. "तीच बाई मी आजपस्तोर काढतोय," तो म्हणाला. "तूच हायेस ती. पुन्यात लावली होती. लोक बघून गेले." कडूबाई वळली. "मला लावली?" "चित्र." "पोट नसल्याली?" त्यानं मान डोलावली. "किती लोकांनी बगितलं?" "आले होते बरेच." "आन् मला न्हाई दाखवलं." ती मोठ्यानं बोलली नाही. मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला कळलं की चौदा वर्षं तो चुकीच्या बाईला भीत होता. सटवाईचं भय बाळगायला सोयीचं होतं, ते पत्रकात छापता येत होतं, त्याला टाळ्या मिळत होत्या. "दाव," कडूबाई म्हणाली. त्यानं मोबाइल काढला. अंगठा दोनदा घसरला. चित्र उघडलं, तिच्यापुढं धरलं आणि तो जमिनीकडं बघत राहिला. तिनं मोबाइल जवळ घेतला, लांब नेला, परत जवळ घेतला. चुलीतलं लाकूड फुटलं. मग ती म्हणाली, "पाय चुकलेत."

"पाय?" "मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चडती ना ही? मंग टाच कशी टेकली? फळीवर चवड्यानं चडावं लागतं, टाच टेकली की मानूस मागं जातंय. ही तर यष्टीची वाट बगत हुबी हाय." तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. "जवळनं बगितलंच न्हाईस तू. नुसतं घाबरत बसलास." मग ती आत गेली, पाट्यापुढचा जाड कागद उचलला आणि उज्ज्वलाला म्हणाली, "तुज्या वहीचं एक पान दे." उज्ज्वलानं विचारलं, "आई, मामाचा कागद?" "तो मापात न्हाई बसत." "वहीच्या पानाला रेघा हायेत." "बरंच की. देवीचं अक्षर सरळ येईल." तिनं रेघी पान मांडलं, त्यावर पेन्सिल ठेवली, नमस्कार केला, बाळाच्या कपाळाला अंगारा लावला. सटवा दारात उभा होता. कुणी त्याला आत बोलावलं नाही, बाहेरही काढलं नाही. पान पांढरं होतं, निळ्या रेघांचं, आणि त्यात कुठंही खळगा नव्हता. त्यानं तीनदा बघून घेतलं.

अंगणात अजून थोडा उजेड होता. कडूबाई त्याचा जाड कागद घेऊन बाहेर आली आणि तो त्याच्या हातात कोंबला. "ह्याच्या मागल्या बाजूला काढ," म्हणाली. मग तिनं पदर खोचला, फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, गोठ्याशी पडलेला कडब्याचा भारा दोन्ही हातांनी उचलून चुंबळीवर चढवला. आश्रुबानं वाघुराशी हात थांबवून विचारलं, "आता काय काढलं बे हिनं?" "गप ऱ्हावा," ती म्हणाली आणि ओट्याला टेकवलेल्या फळीवर एक पाऊल ठेवलं, दुसरं वर, आणि तशीच थांबली. भाऱ्याखाली मान ताठ झाली, पोटऱ्या तटतटल्या. "बग आता." सटवा खाली बसला, गुडघ्यावर कागद घेतला. पेन्सिल तर पाट्यापुढं गेली होती. त्यानं खिसे चाचपले, एक बोटभर तुकडा सापडला. त्याला घाम आला होता, सकाळपेक्षा जास्त, जीपमधल्यापेक्षा जास्त, आणि या वेळी घाबरायला देवीबिवी काही नव्हतं, समोर एक्केचाळीस किलोची बहीण होती आणि तिच्या डोक्यावर भारा होता. त्यानं फळीवर टेकलेल्या चवड्यांपासून सुरुवात केली. भेगा, वर उचललेली टाच, अंगठ्यानं फळीला मारलेली मिठी. त्याचा हात दाबून चालत नव्हता.

"खालीच कावून बगतूस?" भाऱ्याखालून आवाज आला. "वर बी ये. मान मोडती माजी."

"येतो," सटवा म्हणाला. "हळूहळू येतो."